दॉर्दोन्य की मोर्वां?

फ्रान्सच्या खेड्यांतून रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावरची हलकी सायकल, चालवायची असेल, तर या दोन भागांपैकी मी मोर्वां निवडेन.

दॉर्दोन्य नदीच्या खोऱ्यात बघण्यासारखी गावं पावलोपावली लागतात. कड्याला चिकटून उभं ला रोक-गाजाक, उंचावर बेनाकचा किल्ला आणि १२८१ मध्ये वसवलेलं तटबंदीचं दोम. दोमचा चढ छोटा, पण दम काढणारा. सार्लाजवळून जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट जाते. मुलं बरोबर असतील तर तीच धरा. अडचण जुलै-ऑगस्टची. तेव्हा नदीकाठचे अरुंद रस्ते पर्यटकांच्या गाड्यांनी भरून जातात.

मोर्वांत गावं विरळ, जंगल दाट. बीच आणि डग्लस फर या झाडांच्या सावलीतून रस्ता सतत वर-खाली होत राहतो. सर्वांत उंच ओ-फोलें शिखर जेमतेम ९०१ मीटरचं, पण अशा छोट्या चढांची बेरीज संध्याकाळी पायांना बरोबर कळते. आणि तोच तर खरा आनंद! खाणं-पाणी मात्र जवळ ठेवाच. रविवारी दुपारी खेड्यातली दुकानं बहुधा बंद असतात. उत्तरेकडचं वेझले गाव अजिबात चुकवू नका. तिथली बॅसिलिका (मोठं चर्च) आणि टेकडी १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. उन्हाळ्यात तो शेवटचा चढ सकाळी लवकर उरका.