सोडा ओतून पाहिलेलं सायकल्स

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स या रेंडर इंजिनचं, म्हणजे मांडलेल्या दृश्यातून प्रकाशाचा हिशेब करून चित्र काढणाऱ्या भागाचं, कौतुक रिकाम्या पेल्यावर करणं सोपं आहे. ग्लास शेडर, म्हणजे काचेसारखं वागणारं मटेरियल, लावा, अपवर्तनांक १.५ ठेवा, मागे उजेडाचा मोठा पडदा आणि दोन बाजूंना काळे फलक उभे करा. काठ आपोआप गडद उमटतात. माझं पोट पेयांच्या उत्पादनचित्रांवर चालतं, त्यामुळे मी हे इंजिन फेसाळत्या, भरलेल्या पेल्यावर पारखते.

खरी कसोटी द्रव आणि काच भेटतात तिथे लागते. द्रवाचा मेश, म्हणजे त्याच्या आकाराची जाळी, काचेपासून किंचित अलग ठेवला की मधे हवेची फट राहते, तिच्यावर तिरपा प्रकाश पूर्ण परावर्तित होतो आणि पेय पेल्यात ठेवलेल्या ठोकळ्यासारखं दिसतं. मेश काचेत थोडा घुसवायची युक्ती बहुतेक जण वापरतात. दुरून ती खपून जाते, जवळून नाही, कारण कोणतं माध्यम कोणाच्या आत आहे याचा हिशेब सायकल्स ठेवत नाही. मी काचेची ओली बाजू काढूनच टाकते. तिथे द्रवाचंच पृष्ठ राहतं, त्याचा नॉर्मल, म्हणजे पृष्ठाची बाहेरची दिशा, काचेकडे, आणि अपवर्तनांक १.३३ भागिले १.५, म्हणजे साधारण ०.८९. वरच्या उघड्या पृष्ठाला १.३३. मटेरियल मात्र एकच, आकडा अॅट्रिब्यूटने, म्हणजे मेशच्या त्या त्या भागावर नोंदलेल्या किमतीने, बदलायचा. वॉल्यूम अॅब्सॉर्प्शनने, म्हणजे द्रवाच्या आत प्रकाश शोषून, दिलेला रंग त्यामुळे नीट बसतो: जाड भागात गडद, काठाशी फिका. पृष्ठाला रंग देऊन ही खोली कधीच येत नाही. द्रव काचेशी किंचित वर चढतो तो वळसाही मेशमध्ये हवाच. तो नसला की पेय लगेच खोटं वाटतं.

बुडबुड्यांत मात्र सायकल्सने मला खरा आनंद दिला. बुडबुडा म्हणजे द्रवातलं भोक, म्हणून गोलाचे नॉर्मल उलटे करून तो द्रवाच्याच मेशमध्ये घालायचा. बाकीचं भौतिकशास्त्र आपण होऊन घडतं. पाण्यातून हवेकडे जाताना सुमारे ४८.६ अंशांपलीकडे प्रकाश पूर्ण परावर्तित होतो, त्यामुळे समोरून पाहताना बुडबुड्याच्या त्रिज्येचा बाहेरचा पाव भाग आरसा होतो. ती चमकती कडा रंगवावी लागत नाही, फक्त पेल्याभोवती तिला परावर्तित करण्याजोगं काहीतरी ठेवावं लागतं! मांडणीसाठी जिऑमेट्री नोड्स, म्हणजे नियम जोडून आकार मांडायची ब्लेंडरमधली सोय, उत्तम. काचेवरच्या बारीक धाग्यापासून निघालेली माळ वर जाताना बुडबुडे मोठे होतात आणि वेगही घेतात, म्हणून त्यांच्यातलं अंतरही वाढवत न्यायचं. गोल सगळीकडे सारखे विखुरले तर ते पेय वाटतच नाही.

एक सेटिंग आधी बदला. ट्रान्समिशनचे बाऊन्स, म्हणजे किरण किती पारदर्शक पृष्ठांतून जाऊ शकतो ती मर्यादा, मुळात १२ असतात. भरलेला पेला आरपार जाताना किरण चार पृष्ठं ओलांडतो, वाटेतला प्रत्येक बुडबुडा आणखी दोन. मर्यादा संपली की तिथे काळे ठिपके येतात. मी ३२ ठेवते. चित्रातले दाणे पुसणारा डिनॉइझर शेवटच्या रेंडरला जपून वापरा, दाण्यांसोबत बारीक बुडबुडेही पुसले जाऊ शकतात.

टेबलावर पडणारी प्रकाशाची नक्षी, म्हणजे कॉस्टिक्स, ही सायकल्सची दुबळी बाजू. सायकल्स पाथ ट्रेसिंग करतं, म्हणजे कॅमेऱ्यापासून उलटे किरण सोडून उजेड शोधतं, आणि त्याला काचेआडचा लहान दिवा क्वचितच सापडतो. ब्लेंडरच्या ३.२ आवृत्तीत शॅडो कॉस्टिक्स, म्हणजे सावलीत ही नक्षी काढायची सोय, आले. साध्या काचेच्या सावलीत ते सुंदर दिसतात, पण परावर्तनातून होणारे कॉस्टिक्स त्यात येत नाहीत आणि बुडबुड्यांनी भरलेला पेला त्यांच्या आवाक्याबाहेरचा. ३.४ मधलं पाथ गायडिंग, म्हणजे किरणांना उजेडाच्या दिशेने वळवायची सोय, मदत करतं, मात्र ते आलं तेव्हा फक्त सीपीयूवर चालत होतं, ग्राफिक्स कार्डावर नाही.

बाटली, पेला, फेस आणि काचेवरचे थेंब यांसाठी मी सायकल्सच वापरणार. सगळं चित्रच त्या नक्षीवर उभं असेल तर लक्सकोररेंडर हे दुसरं रेंडर इंजिन घ्या. तेही मुक्त आहे, ब्लेंडरला जोडता येतं, आणि त्यात दिव्याच्या बाजूनेही किरण सोडता येतात.