गवताची सेलेनियम टेस्ट, ४ स्टार

आम्ही अमेरिकेत वायोमिंगला असतो, घोडीच्या आयाळीचे अन् शेपटीचे केस गळायला लागले, खुरांना आडव्या भेगा पडल्या, लंगडायची, मला वाटलं नाल ठोकणाऱ्यानेच घोळ घातला. डॉक्टर म्हणाले आधी गवत तपासा. या लॅबला पोस्टाने पाठवलं, ८ दिवसांत रिपोर्ट, सेलेनियम (चाऱ्यातून पोटात जाणारं एक खनिज) ६ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ६ भाग!! घोड्याला लागतं ०.१ च्या आसपास, ५ च्या वर महिनोन्‌महिने पोटात गेलं की असंच होतं, इकडे अल्कली डिसीज म्हणतात. उतारा असा काही नाही, चारा बदलायचा (आणि आम्ही शहाणे वरून सेलेनियमवालं मिनरल मिक्श्चर पण चारत होतो, ते बंद). नवीन खूर पूर्ण वाढून खाली यायला वर्षभर तरी जातं. एक स्टार कापला कारण लॅबवाले फोनच उचलत नाहीत.