मायक्रोस्कोप घेतला: 40 पटीच्या लेन्सपर्यंत झकास, 100 चं विसरा

लेक अकरावी सायन्सला आहे, जर्नलमध्ये पेन्सिलनं पेशी काढून काढून वैतागली होती, म्हणून मागच्या महिन्यात सोलापुरातल्याच एका दुकानातनं स्टुडंट मायक्रोस्कोप घेतला. 4,200 ला पडला. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, हजारपट मोठं दिसतंय, पेशीचा पडदासुद्धा दिसतोय, डोळे झाकून घ्या की ओ." घेतला डोळे झाकून.

आता पडद्याचं खरं सांगते. पेशीपटल असतं जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाड, आणि प्रकाशावर चालणारा नेहमीचा मायक्रोस्कोप कितीही भारी असला तरी साधारण 200 नॅनोमीटरच्या खालचं काही वेगळं दाखवत नाही. त्यामुळे पडदा, त्यातली पाणी ये-जा करायची बारीक दारं (ॲक्वापोरिन, ज्यासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 चं नोबेल मिळालं), नाहीतर एका एटीपीवर (पेशीचं इंधन) 3 सोडियम बाहेर ढकलून 2 पोटॅशियम आत ओढणारा पंप, यातलं काहीही दिसणार नाही. पण पडद्याचं काम दिसतं, आणि तिथं पैसे वसूल.

आमच्या गॅलरीत जांभळ्या पाठीच्या पानांचं झाड आहे, जर्नलमधलं रिओ तेच. पानाची खालची जांभळी साल ब्लेडनं सोलली, पाण्याच्या थेंबात ठेवून 10 च्या लेन्सखाली बघितली तर जांभळ्या फरश्या बसवल्यासारख्या पेशी. मग अर्ध्या ग्लासात चमचाभर मीठ घालून त्याचा थेंब सोडला. दोन-चार मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटायला लागला, आक्रसून मधे गोळा झाला आणि रंग गडद होत गेला, कारण पाणी तेवढं बाहेर गेलं, रंग आतच अडकला. भिंत जागच्या जागी, ती मीठ-पाणी सगळंच जाऊ देते, अडवतो तो आतला पडदा. कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते हेच, फक्त इतकी वर्षं लोणचं घालून मी कधी आत डोकावले नव्हते. एका बाजूनं साधं पाणी सोडून दुसऱ्या बाजूला टिपकागद लावला तर पेशी परत फुगल्या! पण लगेच करा, पहिल्यांदा मी भाकरी टाकायला गेले आणि स्लाइड तशीच मिठात राहिली, तर नंतर पाणी घालून काही उपयोग झाला नाही, पेशी मेल्या होत्या आणि रंग बाहेर पाझरला होता.

पेशींचं विभाजन (एकीच्या दोन होणं) बघायला सोबत मिळालेली तयार स्लाइड टाकाऊ, नुसता गुलाबी चिखल. स्वतःच केली. कांद्याला सोलापुरात काय तोटा, ग्लासच्या तोंडावर ठेवला, बुड पाण्याला टेकवलं, तीन-चार दिवसांत मुळं आली. सकाळी शेंड्याचे दोन-तीन मिलिमीटर कापायचे, ॲसिडात मऊ करायचे (ते कॉलेजच्या लॅबमध्येच केलं, घरी ॲसिड नको), ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवायचा लाल रंग) टाकून स्लाइड जरा गरम करायची आणि कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्यानं दाबायचं. तीन कव्हरस्लिपा फुटल्या. चौथीत 40 च्या लेन्सखाली लेक ओरडली, "आई, ओढतायत बघ!" ओढताना काही दिसत नाही म्हणा, रंग देताना त्या पेशी मेलेल्याच असतात, पण एका पेशीत गुणसूत्रं मधोमध रांगेत, शेजारच्या पेशीत दोन टोकांकडे निघालेली. कांद्यात 16 असतात, मोजायला गेलो तर सगळा गुंता. बहुतेक पेशी नुसत्या बसलेल्याच होत्या, दाणेदार केंद्रक घेऊन, विभागणाऱ्या शोधायला अर्धा तास गेला. एकीत तर मधे नवी भिंत धरत होती. आपल्या पेशीत अशी भिंत उभी राहत नाही, ती मधून चिमटा घेतल्यासारखी आवळून तुटते, हे लेकीनं मला ऐकवलं.

100 ची लेन्स मात्र शोभेची. तेल दिलंच नाही, तेलाशिवाय धूसर, तेल आणून लावलं तरी कडा इंद्रधनुषी. स्टेजचा (स्लाइड ठेवायच्या पाटाचा) स्क्रूही आठवड्यात सैल झाला, फोकस आपोआप खाली घसरतो. दुकानात गेले तर "उद्या या" असं दोनदा झालं. घ्यायचाच असेल तर 40 पर्यंतचाच घ्या, स्वस्त पडेल, आणि दुकानातच उभं राहून स्क्रू हलवून बघा. माझ्याकडून पाचातले तीन. स्क्रूला सध्या रबरबँड गुंडाळलाय.