काळ्या गाडीला पॉलिश आणि वॅक्स: आठ महिन्यांनंतर

गाडी काळी, सहा वर्षं जुनी, बहुतेक वेळ उघड्यावर उभी. आठ महिन्यांपूर्वी तिला घरीच पॉलिश करून वॅक्स लावलं. त्याच्या आधी एकदा हाच उद्योग भलत्या पद्धतीने करून फसलो होतो, म्हणून दोन्ही वेळचं लिहितो.

पहिल्यांदा मी पॉलिश आणि वॅक्स एकत्र असलेली बाटली आणली. गाडी धुतली, लावलं, पुसलं. संध्याकाळी बोनेटमध्ये तोंड दिसत होतं, मी खूश. तीन-चार धुण्यांनंतर उन्हात पाहतो तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या त्या बारीक गोल रेषा जशाच्या तशा हजर. वाटलं, आपणच फडक्याने पुन्हा पाडल्या. पण त्या मुळात गेल्याच नव्हत्या. बाटलीतल्या तेलकट भरावाने त्या बुजल्या होत्या, भराव धुऊन गेला आणि उघड्या पडल्या. जुनी, फिक्या रंगाची गाडी असेल आणि एका दुपारी उरकायचं असेल तर अशी बाटली वाईट नाही. काळ्या रंगावर मात्र लबाडी लगेच पकडली जाते.

मग डोक्यात बसलं ते हे: कंपाउंड (म्हणजे पॉलिशचाच जास्त खरखरीत भाऊ) आणि पॉलिश रंगावरचा थर घासून काढतात, वॅक्स काहीच काढत नाही, नुसतं वर बसतं. रंगावर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. दर वेळी त्यातलंच थोडं खर्ची पडतं आणि ते परत येत नाही. त्यामुळे पॉलिशचा खरा प्रश्न किती कमीत भागेल हा आहे.

दुसऱ्या वेळी धुण्यानंतर आधी लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे मारला. ब्रेकमधून उडालेले कण जांभळे होऊन ओघळायला लागतात, चाकांच्या मागचा भाग तर बघवत नव्हता. मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मळलेल्या मातीसारखा गोळा. त्याची गरज आहे का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या पत्र्यावरून फिरवायचा. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून चक्क पॉलिशपेपरसारखा लागला. क्ले भरपूर ओलावा ठेवून, दाब न देता फिरवायची आणि सारखी मळून स्वच्छ बाजू वर घ्यायची. माझ्या हातून एक तुकडा जमिनीवर पडला, तो सरळ फेकून दिला. त्यात रुतलेला एक वाळूचा कण सगळ्या बोनेटवर नक्षी काढायला पुरेसा असतो. क्लेनेही अगदी फिकट खुणा उमटतात, म्हणून ती पॉलिशच्या आधीच करायची.

सगळ्यात जास्त वेळ वाचवला तो चाचणीच्या चौकोनाने. बोनेटवर टेप लावून दीड-दोन फुटांचा चौकोन आखला आणि सर्वांत सौम्य जोडी घेतली: बारीक पॉलिश आणि मऊ फोमचा पॅड. आडवं-उभं चार वेळा फिरवलं, पुसलं, टॉर्च मारून पाहिलं. बहुतेक रेषा गेल्या होत्या! मी कंपाउंडची बाटली उघडून तयार ठेवली होती, ती शेवटी फक्त डिकीच्या झाकणावर लागली. दरवाज्याच्या मुठीमागे एक-दोन ओरखडे आहेत ज्यांत नख अडकतं. ते तसेच सोडले, कारण नख अडकण्याइतका ओरखडा घालवायला जेवढं घासावं लागतं तेवढा थर आपल्याकडे शिल्लक असेलच असं नाही.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शन होतं, मित्राचं. ते फिरतं आणि डगमगतंही, त्यामुळे एका जागी उष्णता कमी साठते. नुसतं गोल फिरणारं मशीन नवशिक्याने कडांजवळ नेऊ नये, तिथे रंगाचा थर पातळ असतो. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात, मी सुरुवातीला दुप्पट घेऊन नुसता चिखल केला. प्रत्येक पत्र्यानंतर पॅड ब्रशने झाडला. आणि हे सगळं सावलीत, पत्रा थंड असताना. मॅट रंगाच्या गाडीवर यातलं काही करू नका. पॅडवर गाडीचा रंग उतरू लागला तर क्लिअर कोट नाही किंवा संपला, तिथेच थांबा.

पॉलिशनंतर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं असतं, म्हणजे तेल निघून खरी अवस्था दिसते आणि वॅक्स नीट धरतं. छतावर मी याचा कंटाळा केला. छतावरचं संरक्षण सगळ्यात आधी गेलं, अर्थात ऊनही तिथेच सगळ्यात जास्त लागतं, त्यामुळे दोष कोणाचा हे छातीठोकपणे सांगत नाही.

वॅक्सच्या बाबतीत मुद्दाम प्रयोग केला. बोनेटच्या डाव्या अर्ध्यावर कार्नोबा, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, आणि उजव्या अर्ध्यावर सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सचंच काम करणारा कृत्रिम लेप. पहिल्या दिवशी डावी बाजू थोडी ओलसर, खोल काळी वाटत होती, मला तरी. बायकोला फरक दिसला नाही. थर शाबूत असला की पाण्याचे थेंब गोल उभे राहतात; दोन महिन्यांत डावीकडे ते पसरट झाले, उजवीकडे पाचव्या महिन्यापर्यंत टिकले. आता दोन्हीकडे सीलंटच आहे. थर पातळच लावा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसताना खांदे मात्र भरून येतात.

थेंब धरत नाहीत म्हणजे वॅक्स संपलंच असंही नाही. चौथ्या महिन्यात उजवी बाजू मेल्यासारखी वाटली होती, पण नीट शांपू लावून धुतल्यावर थेंब परत उभे राहिले. वर धुळीचा थर बसला होता, एवढंच. वॅक्सकडून फार अपेक्षाही नकोत. पक्ष्याची विष्ठा दोन दिवस तशीच राहिली आणि सीलंट असूनही रंगावर डाग कोरला गेला.

आठ महिन्यांनी रेषा जवळपास नाहीत, कारण धुण्याची पद्धत बदलली: दोन बादल्या, एक शांपूची आणि एक हातमोजा खळबळायची, आणि पुसायला फक्त मायक्रोफायबर. ड्रायव्हरच्या दरवाज्यावर थोड्या दिसतात, तिथे जॅकेटची चेन घासते. या वेळी पॉलिशला हात लावणार नाही. खालच्या भागावर क्ले, मग सीलंट, बस.

खरखरीत काळ्या प्लास्टिकवर एके ठिकाणी टेप लावायला विसरलो होतो. तिथला पॉलिशचा पांढरा डाग टूथब्रशने घासूनही अजून आहे, आणि गाडी बघायला येणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.