उघडं काँक्रीट की विटा-प्लास्टर?

जालन्यात खाली दुकानं, वर घर बांधणाऱ्या भाच्याला बाहेरून उघडं काँक्रीट हवंय. वहिनी विटा-प्लास्टरवर ठाम. भाच्याच्या डोळ्यांसमोर फ्रान्समधल्या मार्सेची युनिते द'आबितासिओं आहे. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएची ही इमारत १९५२ साली पुरी झाली: ३३७ घरं, मधल्या मजल्यांवर दुकानं, गच्चीवर बालवाडी. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून काँक्रीट आलं, आणि साच्याच्या फळ्यांचे त्यावर उमटलेले ठसे तसेच राहू दिले.

खर्च: प्लास्टर-रंग वाचतो, पण सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, एकदम नेटकं लागतं. एक ओतणी पोकळ निघाली की झाकायला काही नाही.

टिकाऊपणा: सळईवर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, कमी पडलं तर गंज चढतो, खपल्या निघतात, ठिगळ कायम दिसतं. प्लास्टरला तडा गेला तर कुठलाही गवंडी बुजवतो.

खरा मुद्दा उन्हाचा. विटेपेक्षा काँक्रीटमधून उष्णता लवकर आत येते. मराठवाड्यात मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्रीही तापलेली असते. मार्सेत खोल सज्जे सावली धरतात. ते वगळून नुसती भिंत उचलली तर घराची भट्टी होईल.

दुकानांचे खांब आणि सज्जे उघडे ठेवायला, कसलेला सेंट्रिंगवाला असेल तर, माझी पूर्ण संमती. राहत्या मजल्याला मात्र विटाच.