जपानमधील साक्षीदाराची जबानी: टोकियो, ओसाका की ग्वाम?

अमेरिकेच्या फेडरल न्यायालयात दिवाणी दावा चालू असेल आणि महत्त्वाचा साक्षीदार जपानमध्ये राहत असेल, तर त्याचे डिपॉझिशन, म्हणजे सुनावणीपूर्वीची शपथेवरील जबानी, हॉटेलच्या सभागृहात किंवा एखाद्या वकिलाच्या कार्यालयात घेता येत नाही. जपान हेग पुरावा कराराचा, म्हणजे परदेशातून पुरावा मिळवण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य नाही. १९६३ साली झालेल्या अमेरिका-जपान वाणिज्यदूत करारानुसार, स्वेच्छेने साक्ष देणाऱ्याची जबानी अमेरिकी दूतावासाच्या किंवा वाणिज्य दूतावासाच्या आवारातच, न्यायालयाच्या आदेशावरून आणि वाणिज्यदूताच्या अधिकाराखाली घ्यावी लागते. वकील अमेरिकेतून व्हिडिओद्वारे प्रश्न विचारणार असले तरी साक्षीदाराने त्याच आवारात बसले पाहिजे. त्यामुळे खरी निवड तीन ठिकाणांमध्ये राहते: टोकियोतील दूतावास, ओसाकातील वाणिज्य दूतावास किंवा जपानबाहेरची एखादी जागा, जिचे सर्वांत सोयीचे उदाहरण म्हणजे प्रशांत महासागरातील ग्वाम बेट.

टोकियो आणि ओसाका यांचे नियम एकच आहेत. दोन्हीकडे दुभाषा, लघुलेखक आणि चित्रीकरण करणारा यांची व्यवस्था पक्षकारांनीच करायची असते; अधिकारी शपथ देऊन सहसा निघून जातो. अमेरिकी दरपत्रकात प्रत्येक दिवसाच्या नोंदणीसाठी १,२८३ डॉलर आणि अधिकाऱ्याच्या वेळेसाठी तासाला ३०९ डॉलर असे शुल्क दिलेले आहे. फरक पडतो तो खोली कोणत्या दिवशी मोकळी आहे यात. खोल्या मोजक्याच असल्याने नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते, आणि अमेरिकी व जपानी अशा दोन्ही देशांच्या सुट्ट्यांना कार्यालय बंद असते. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा ‘गोल्डन वीक’, म्हणजे जपानमधील लागोपाठच्या सुट्ट्यांचा काळ, आणि वर्षाअखेर हे काळ तर सुरुवातीलाच वगळावेत. साक्षीदार क्योटो किंवा ओसाका परिसरातील कंपनीत असेल तर ओसाकाच योग्य. तो टोकियोत राहत असला तरी शिंकानसेन या वेगवान रेल्वेने अडीच तासांचा प्रवास हा तीन महिने थांबण्यापेक्षा निश्चितच परवडतो. म्हणून केवळ विमानाच्या सोयीपोटी टोकियोचा आग्रह धरू नये, दोन्हीकडे एकाच वेळी चौकशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेचा हिशेब मात्र दोन्हीकडे काटेकोरपणे करावा लागतो. फेडरल नियमांप्रमाणे एका साक्षीदारासाठी एक दिवस आणि सात तास ही मर्यादा आहे. परंतु प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर दुभाष्याच्या तोंडून जात असल्यामुळे प्रत्यक्ष विचारपूस जवळपास निम्म्यावर येते, आणि दूतावासाच्या कार्यालयीन वेळेत सात तास बसतीलच असेही नाही. म्हणून जपानी भाषेत उत्तरे देणाऱ्या साक्षीदारासाठी आरंभीच दोन दिवस मागावेत आणि वाढीव वेळेबाबत विरुद्ध पक्षाची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी घेऊन ठेवावी. रद्द केलेल्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत, हे अशिलाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

त्यानंतर येतो व्हिसा. एरवी जपानला व्हिसाशिवाय जाऊ शकणाऱ्या अमेरिकी नागरिकांनाही या कामासाठी खास डिपॉझिशन व्हिसा घ्यावा लागतो, आणि अर्जासोबत न्यायालयाचा आदेश जोडावा लागतो. अर्थात आदेश उशिरा मिळाला की पुढचे सगळेच अडते. आदेशात साक्षीदारांची नावे, ठिकाण आणि ‘या सुमारास’ अशा शब्दांत तारखा असाव्यात, म्हणजे एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर नवा आदेश आणावा लागत नाही. अमेरिकेत एच-१बी वर काम करणारे अनेक मराठी वकील आणि तांत्रिक सल्लागार अशा चमूंत असतात. त्यांच्या पासपोर्टवरील अमेरिकी व्हिसाची मुदत संपली असेल तर जपानहून परतणे अवघड होऊ शकते, हेही नावे ठरवण्यापूर्वीच तपासावे.

ग्वाममध्ये यातले बहुतेक अडथळे नाहीत. तो अमेरिकी प्रदेश असल्यामुळे दूतावासाची खोली, वाणिज्यदूताचे शुल्क किंवा खास व्हिसा लागत नाही, आणि टोकियोहून विमानाने साधारण साडेतीन तासांत पोहोचता येते. तारीख ठरवणे सर्वांत सोपे येथेच. परंतु साक्षीदाराने जपान सोडायला तयार असले पाहिजे, त्याचा खर्च कोण करणार हे लेखी ठरले पाहिजे, आणि अमेरिकी भूमीवर पाऊल ठेवताच आपल्यावर दुसरे समन्स बजावले जाईल अशी भीती त्याच्या वकिलाला वाटू शकते. साक्षीदार एखाद-दुसरा असून तो पक्षकार कंपनीचाच अधिकारी असेल, तर मी ग्वामचाच प्रस्ताव प्रथम मांडेन. पाच-सहा साक्षीदार असतील तर त्या सर्वांना हलवण्यापेक्षा वकिलांनी जपानला जाणे शहाणपणाचे.

साक्षीदार मुळातच तयार नसेल तर या तिन्ही ठिकाणांचा उपयोग नाही. तेव्हा राजनैतिक मार्गाने जपानी न्यायालयाला विनंतीपत्र पाठवावे लागते. तेथे प्रश्न विचारण्याची सूत्रे जपानी न्यायाधीशाकडे असतात आणि उत्तर यायला अनेक महिने लागतात. न्यायालयाने पुरावा गोळा करण्यासाठी दिलेली मुदत त्याआधीच संपणार असेल, तर विनंतीपत्रासोबतच मुदतवाढीचा अर्जही दाखल करावा.