पार्किंगमधील कॉलमना कार्बन फायबरचे आवरण: आमच्या सोसायटीचा अनुभव

मुंबईच्या खाऱ्या हवेत ३४ वर्षे उभ्या असलेल्या आमच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये पार्किंगमधील सहा कॉलम कमकुवत ठरले, तेव्हा सोसायटीने काँक्रीटचे जॅकेटिंग (कॉलमभोवती काँक्रीटचा नवा थर) न करता कार्बन फायबरच्या कापडाचे आवरण देण्याचे ठरवले. जॅकेटिंगने कॉलम चारही बाजूंनी काही इंच जाड झाले असते आणि गाड्या वळायला जागा उरली नसती. हे आवरण काही मिलिमीटरमध्येच भागते. काम शेवटी चांगले झाले, पण सुरुवात तशी नव्हती.

पहिल्या कॉलमवर कंत्राटदाराच्या माणसांनी सळयांवरचा गंज वरवर घासला, मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे दुरुस्तीचे काँक्रीट) भरले आणि आवरणाआधीच्या प्राइमरची तयारी सुरू केली. ठोकून पाहिले तर आवाज पोकळ! आमच्या सल्लागार अभियंत्यांनी ते सगळे फोडायला लावले, आणि ते योग्यच होते. कारण आवरण कॉलमला बाहेरून आवळून धरते, आतला गंज थांबवत नाही, आणि गंजून फुगणारी सळई कापडाखाली दडली की ती कोणाच्या नजरेसही पडत नाही.

त्यानंतर मात्र टेकू लावून सैल काँक्रीट काढले, सळया मागच्या बाजूनेही मोकळ्या करून स्वच्छ घासल्या आणि चौकोनी कॉलमचे कोपरे ग्राइंडरने गोल केले. धारदार कोपऱ्यावर तंतू तुटतात, म्हणून ही गोलाई निदान १३ मिलिमीटर त्रिज्येची लागते. कापड इपॉक्सी या चिकट रेझिनमध्ये भिजवून गुंडाळताना रोलरने हवेचे फुगे काढणाऱ्या मिस्त्रींचे कौतुक केलेच पाहिजे. शेवटच्या ओल्या थरावर त्यांनी वाळू भुरभुरली, त्यामुळे प्लास्टरने नीट पकड घेतली. आवरण ओढून पाहण्याची चाचणी आमच्यासमोर झाली आणि ताकद १.४ मेगापास्कल या किमान अपेक्षेपेक्षा जास्त भरली.

दुरुस्तीच्या नॅनो-सिलिकायुक्त मॉर्टरचा (अतिसूक्ष्म सिलिका मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याचा) दर वेगळा लावला होता. हे अतिसूक्ष्म कण सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावून छिद्रे भरतात, त्यामुळे पाणी आणि क्षार आत शिरणे अवघड होते, हे खरे. पण गुठळ्या राहिल्या तर तो खर्च फुकट जातो. मॉर्टर घमेल्यात हाताने कालवताना दिसताच मी हरकत घेतली, तेव्हा मिक्सर आणला गेला.

मीटररूमलगतच्या कॉलमसाठी अग्निरोधक लेप दरपत्रकात नव्हताच. इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते, म्हणून आम्ही तो लेखी मागून घेतला. लेप पूर्ण होईपर्यंत त्या कॉलमचे बिल रोखून ठेवले आहे.